जमिनीलगतचा ओझोन : कायद्याचा आकडा आणि करमाळ्याचे शेत

फाल्गुन-चैत्रात करमाळा तालुक्यातील बागायत पिकांच्या पानांवर ठिपके दिसू लागले म्हणजे त्यांची कारणे शोधण्याची एक ठरलेली रीत आहे. कांद्याची पात शेंड्याकडून पांढुरकी पडली तर फुलकिडे अथवा करपा, घेवड्याचे पान ठिपकाळले तर लाल कोळी, भुईमुगावर डाग आले तर टिक्का, आणि यांपैकी काहीच जुळले नाही तर अन्नद्रव्यांची कमतरता. बहुतेक वेळा हे निदान बरोबर ठरते. परंतु क्वचित असे घडते की पान उलटून पाहावे तर खालची बाजू स्वच्छ असते, भिंगाखाली कोळी आढळत नाही, बुरशीची वाढ दिसत नाही आणि दोन फवारण्यांचा खर्च होऊनही नवे ठिपके येतच राहतात. अशा वेळी ज्याची शंका घ्यावयाची ते कारण मातीत किंवा बियाण्यात नसून हवेत असते. ते कारण म्हणजे जमिनीलगतचा ओझोन वायू होय.

ओझोन हे नाव शेतकऱ्यांना अपरिचित नाही. आकाशात पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीवर असलेला ओझोनचा थर सूर्याचे घातक किरण अडवितो आणि त्याच्या रक्षणासाठी १९८७ साली मॉन्ट्रियल येथे राष्ट्राराष्ट्रांमध्ये करार झाला, ही माहिती आता शाळेतील मुलेही सांगतात. तोच वायू जमिनीजवळ साचला म्हणजे मात्र माणसाच्या फुप्फुसांना आणि पिकाच्या पानांना जाळतो. नदीचे पाणी पात्रात असते तोवर उपकारक, तेच गावात शिरले म्हणजे अपायकारक, तशातला हा प्रकार आहे. वरच्या ओझोनविषयीचे नियम वेगळे आणि खालच्या ओझोनविषयीचे वेगळे; येथे विचार करावयाचा आहे तो खालच्याचा.

या वायूचे पहिले वैशिष्ट्य असे की तो कोणत्याही धुरांड्यातून बाहेर पडत नाही. मोटारी, ट्रक, डिझेल इंजिने, वीजकेंद्रे आणि पेटविलेला काडीकचरा यांतून नायट्रोजनची ऑक्साइडे निघतात. पेट्रोलची वाफ, रंग, द्रावके आणि अर्धवट जळालेले इंधन यांतून हवेत सहज उडून जाणारी सेंद्रिय द्रव्ये मिसळतात. या दोहोंवर कडक ऊन पडले म्हणजे हवेतच ओझोन तयार होतो. म्हणून पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते, उन्हाबरोबर ते वाढत जाते आणि दुपारी दोन ते चारच्या सुमारास शिगेला पोहोचते. पावसाळ्यात ढग, पाऊस आणि समुद्रावरून येणारी स्वच्छ हवा यांमुळे ते घटते; हिवाळ्यापासून वाढते आणि मार्च ते मे या काळात महाराष्ट्राच्या पठारावर बरेच चढलेले असते. म्हणजे खरिपाला त्याचा त्रास कमी, रब्बीच्या उत्तरार्धाला आणि उन्हाळी पिकांना अधिक.

या वायूचा माग प्रथम पिकांमुळेच लागला, ही गोष्ट कृषी कार्यकर्त्यांनी आवर्जून ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर १९४३ च्या उन्हाळ्यात डोळे झोंबविणारे धुके पसरले. पुढच्याच वर्षी त्या परिसरातील भाजीपाल्याच्या शेतांत पानांना चंदेरी झाक येऊन ती वाळू लागली. रोग सापडेना आणि कीडही सापडेना. हॉलंडमध्ये जन्मलेले हागेन-स्मिट नावाचे रसायनशास्त्रज्ञ त्या वेळी तेथे अननसाच्या सुवासाचा अभ्यास करीत होते. ते काम बाजूला ठेवून त्यांनी शहराची हवा तपासावयास घेतली, आणि मोटारींच्या धुरातील द्रव्यांवर उजेड पडला की ओझोन तयार होतो व त्याने पाने तशीच भाजतात, हे १९५२ पर्यंत सिद्ध केले. १९५८ साली कॅलिफोर्नियातील द्राक्षवेलींच्या पानांवरील बारीक काळपट ठिपके, आणि १९५९ साली तंबाखूच्या पानांवरील पांढरे चट्टे, हेही ओझोनचेच काम असल्याचे दाखविण्यात आले. १९६७ साली कॅलिफोर्निया राज्याने हवेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केले तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षपद याच हागेन-स्मिट यांच्याकडे आले. आजाराचे मूळ शोधणाऱ्याच्याच हाती कायद्याची सूत्रे द्यावीत, असा योग सरकारी कामात नेहमी येत नाही.

ओझोनचे दुसरे वैशिष्ट्य करमाळ्यासारख्या तालुक्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. भर शहरात, वाहनांच्या गर्दीत, ताज्या धुरातील नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार झालेला ओझोन खाऊन टाकतो. शहराबाहेर वाऱ्याबरोबर गेलेल्या हवेत असा ताजा धूर नसतो. तेथे ओझोन तयार होत राहतो आणि टिकतो. म्हणून शहराच्या चौकापेक्षा त्याच्या वाऱ्याखालच्या खेड्यात ओझोन जास्त, असा अनुभव जगभर आला आहे. करमाळ्याच्या पश्चिमेस सरळ रेषेत सुमारे १४० किलोमीटरवर पुणे शहर व त्याचा औद्योगिक पट्टा आहे. दक्षिणेस भीमेपलीकडून पुणे-सोलापूर महामार्ग जातो. तालुक्यातून नगर-टेंभुर्णी रस्त्यावरची वाहतूक असते, आणि गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रकांची व ट्रॅक्टरांची रीघ त्यात भर घालते. उन्हाळ्यात दुपारी वारा बहुधा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून वाहतो. ताशी पंधरा-वीस किलोमीटर वेगाच्या वाऱ्याला पुण्याहून येथवर येण्यास सात ते नऊ तास लागतील. तेवढा सारा वेळ त्या हवेवर ऊन पडत असते.

आणि या हवेच्या वाटेवर आज काय उभे आहे? उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले. त्यापूर्वी ज्या गावांत ज्वारी आणि करडई यांपलीकडे फारसे काही नव्हते, तेथे पाणलोटाच्या काठाने ऊस आणि केळी आली. कंदरची केळी परदेशी जाऊ लागली. कांदा, गहू, कलिंगड आणि भाजीपाला आहेच. पिकाच्या पानावर लाखो सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. पान श्वास घेते ते यांतूनच, आणि ओझोन आत शिरतो तोही यांतूनच. पाण्याचा ताण पडलेले पीक आपली पर्णरंध्रे मिटून घेते, त्यामुळे तालुक्याच्या पूर्वेकडील माळरानावर जिरायत ज्वारी ओझोनपासून काहीशी बचावते. पोटभर पाणी मिळालेले बागायत पीक भर दुपारी रंध्रे उघडी ठेवते आणि अधिक ओझोन आत घेते. याचा अर्थ पाणी तोडावे असा कोणी करू नये. पाण्याअभावी होणारे नुकसान कितीतरी मोठे असते. अर्थ एवढाच की ज्या शेतावर शेतकऱ्याने सर्वाधिक खर्च केला आहे, तेच शेत या वायूला अधिक उघडे आहे.

सर्व पिके सारखी नाजूक नसतात. गहू, सोयाबीन, घेवडा, कांदा, बटाटा, टोमॅटो, कापूस, भुईमूग आणि द्राक्ष ही ओझोनला लवकर बळी पडतात. मका आणि ज्वारी तुलनेने काटक आहेत. एकाच पिकाच्या वाणांतही भेद असतो. अमेरिकेत १९६६ साली कांद्याच्या दोन प्रकारच्या वाणांचा अभ्यास झाला. त्यातील काटक वाण ओझोनचा स्पर्श होताच पर्णरंध्रे मिटून घेत असे आणि नाजूक वाण ती उघडीच ठेवी, असे दिसून आले. वाराणसीच्या बनारस हिंदू विश्वविद्यालयात गाळलेल्या हवेत आणि साध्या हवेत पिके वाढवून अनेक वर्षे प्रयोग झाले आहेत, आणि गाळलेल्या हवेतील पिकाचा उतारा अधिक येतो असे आढळले आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संपूर्ण देशाचा हिशेब मांडला. २००५ या एका वर्षात ओझोनमुळे सुमारे ३५ लाख टन गहू, २१ लाख टन भात, २.३ लाख टन सोयाबीन आणि १.७ लाख टन कापूस यांचे नुकसान झाले, असा त्यांचा अंदाज आहे. गेलेले धान्य दारिद्र्यरेषेखालील सुमारे ९ कोटी ४० लाख लोकांना पुरले असते. हे नुकसान शेतकऱ्याला कळत नाही, कारण पानावर ठिपका न पडताही गव्हाचे पान वेळेआधी पिवळे होते, दाणा हलका भरतो, आणि दोष हवामानाला किंवा बियाण्याला दिला जातो.

आता कायद्याकडे वळावे. स्टॉकहोम येथे १९७२ साली भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेनंतर भारताने १९८१ साली वायू (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम केला. त्याची अंमलबजावणी केंद्रात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे व राज्यात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. हवा किती स्वच्छ असावी याची मानके प्रथम १९८२ साली व नंतर १९९४ साली ठरविण्यात आली. त्या दोन्ही यादींत ओझोन नव्हता. नोव्हेंबर २००९ च्या अधिसूचनेत तो प्रथमच आला. एक घनमीटर हवेत आठ तासांची सरासरी १०० मायक्रोग्रॅमहून अधिक नसावी आणि कोणत्याही एका तासाची १८० मायक्रोग्रॅमहून अधिक नसावी, तसेच वर्षातील ९८ टक्के वेळ ही मर्यादा पाळली जावी, असे ते मानक आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

हा आकडा माणसाच्या प्रकृतीचा विचार करून ठरविला आहे आणि त्या दृष्टीने तो योग्यच आहे. उणीव आहे ती पिकांच्या बाजूने. त्याच अधिसूचनेत पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांसाठी स्वतंत्र रकाना आहे. सल्फर डायऑक्साइड व नायट्रोजन डायऑक्साइड यांच्या वार्षिक मर्यादा त्या रकान्यात अधिक कडक केल्या आहेत. ओझोनचे आकडे मात्र दोन्ही रकान्यांत तेच आहेत, आणि शेतीसाठी तर रकानाच नाही.

युरोपात पिकांचा हिशेब निराळ्या रीतीने करतात. मे ते जुलै या तीन महिन्यांत, सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत, दर तासाला ओझोन ८० मायक्रोग्रॅमपेक्षा जितका जास्त असेल तितका मोजून त्याची बेरीज करीत जावयाची. ही बेरीज हंगामात ६,००० च्या वर जाऊ नये, असे तेथील कायद्याचे दूरचे उद्दिष्ट आहे. त्या पातळीला गव्हाच्या उताऱ्यात सुमारे ५ टक्के घट येते, या अनुभवावर तो आकडा बेतलेला आहे. आता समजा, एखाद्या शेतावर रोज दिवसाचे आठ तास ओझोनचे प्रमाण ९० मायक्रोग्रॅम राहिले. ८० वर रोज दर तासाला १० जादा, आठ तासांचे ८०, आणि नव्वद दिवसांचे ७,२००. भारतीय मानकाप्रमाणे त्या शेतावरील हवा वर्षभर निर्दोष, कारण १०० चा आकडा एकदाही ओलांडला गेला नाही. पिकाच्या हिशेबाने मात्र मर्यादा केव्हाच मागे पडली. युरोपातील गव्हावरून ठरलेला आकडा करमाळ्याच्या गव्हाला जसाच्या तसा लावावा असे नव्हे. पण कायद्याचे ‘ठीक’ आणि पिकाचे ‘ठीक’ यांत किती अंतर असू शकते, हे या साध्या गणितावरून दिसते.

शिवाय कोणतेही मानक लागू व्हावयाचे तर हवा मोजावी लागते. जिल्ह्यातील स्वयंचलित मोजणी केंद्रे सोलापूर शहरात आहेत, करमाळ्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात सोलापूर शहराचा समावेश झाला, तो धुलिकणांमुळे. त्या कार्यक्रमाची उद्दिष्टे धुलिकणांचीच आहेत. ग्रामीण भागातही मोजणी केंद्रे असावीत हा विचार त्याच कार्यक्रमाच्या आराखड्यात मांडलेला आहे. तालुक्यातील ग्रामसभांनी व शेतकरी संघटनांनी जी मागणी करावयाची ती याच आधारावर करता येईल. रस्ता आणि वीज यांसाठी ठराव होतात, तसा हवेच्या मोजणीसाठीही होऊ शकतो.

धुरांडे नसलेल्या वायूला कायदा पकडतो कसा? तर त्याच्या घटकद्रव्यांना पकडून. कारखान्यांना मंडळाचे संमतिपत्र घ्यावे लागते व त्यातील अटी पाळाव्या लागतात. औष्णिक वीजकेंद्रांसाठी डिसेंबर २०१५ मध्ये नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा प्रथमच ठरली. १ जानेवारी २०१७ पासून उभारल्या जाणाऱ्या संचांसाठी ती घनमीटरला १०० मिलिग्रॅम ठेवण्यात आली. जिल्ह्यात सोलापूरजवळ फताटेवाडी येथे १,३२० मेगावॉटचे वीजकेंद्र २०१७ ते २०१९ या काळात सुरू झालेले असल्याने हा नियम येथील शेतकऱ्यांनाही जवळचा आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर नव्या वाहनांना भारत स्टेज सहाची मानके लागू झाली, आणि डिझेल मोटारगाडीची नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांनाही कडक नियम लागला. त्याहून लहान ट्रॅक्टर, म्हणजे गावोगाव दिसणारे बहुसंख्य, त्या वेळी त्याच्या बाहेर राहिले. एक फट मात्र सांगितली पाहिजे. वाहनाचे प्रदूषण तपासून जे प्रमाणपत्र दिले जाते, त्यात डिझेल वाहनाच्या धुराचा काळेपणा पाहतात. ओझोनचे मूळ असलेली नायट्रोजनची ऑक्साइडे त्या तपासणीत पाहिली जात नाहीत. प्रमाणपत्र असलेला ट्रक ओझोनच्या बाबतीत निर्दोष असतोच असे नाही.

घटकद्रव्ये पकडण्याच्या कामातही मेख आहे. दाट वस्तीच्या शहरात केवळ नायट्रोजनची ऑक्साइडे घटविली तर ओझोन काही काळ उलट वाढू शकतो. २०२० च्या टाळेबंदीत देशातील अनेक शहरांत तसे दिसून आले. खेड्यातील हवेचा स्वभाव वेगळा. झाडेझुडपे व माती यांतून निघणारी सेंद्रिय द्रव्ये तेथे असतातच; कमतरता असते ती नायट्रोजन ऑक्साइडांची. म्हणून खेड्यात त्यांची जेवढी भर पडेल तेवढा ओझोन वाढतो आणि जेवढी घट होईल तेवढा कमी होतो. करमाळ्याच्या शेतकऱ्याने आपल्या बांधाच्या आत काय करावे, याचे उत्तर येथे मिळते.

तालुक्यात ऊसतोडणी संपली की फडातील पाचट पेटविण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही. एक हेक्टर उसातून साधारणपणे ८ ते १० टन पाचट मिळते व त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र असते. म्हणजे आठ टनांत ४० किलो नत्र. पाचट पेटविले की यातील बराच भाग हवेत जातो, आणि त्यातूनच नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. जो नत्र विकत आणून पिकाला द्यावयाचा, तोच जाळून शेजारच्या कांद्यावर व गव्हावर ओझोनच्या रूपाने सोडावयाचा, असा हा व्यवहार आहे. पुण्याकडून येणारी हवा पाचट न जाळल्याने थांबणार नाही, हे खरे. पण गावच्या हवेत भर घालणे तरी टळते, आणि जमिनीचा फायदा तर ओझोन असो वा नसो, ठरलेलाच आहे. खोडवा ठेवावयाचा असेल तर बुडखे जमिनीलगत छाटावेत, त्यांवरील पाचट बाजूस सारून सरीत पसरावे, दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जीवाणू संवर्धक टाकावे आणि पाणी द्यावे. पाचट सरीत पायाने दाबून मातीशी लावल्यास लवकर कुजते. युरियाविषयीही सांगण्यासारखे आहे. उष्ण व ओल्या जमिनीत नत्रखताचा काही भाग नायट्रिक ऑक्साइड होऊन हवेत जातो. खत एकदम फेकून देण्याऐवजी हप्त्याहप्त्याने आणि मातीआड दिल्यास हे नुकसान कमी होते.

जाळण्याबाबत कायदा काय म्हणतो, असा प्रश्न गावकरी विचारतात. १९८१ च्या अधिनियमाच्या कलम १९ च्या पाचव्या पोटकलमान्वये, इंधन नसलेला कोणताही पदार्थ जाळल्याने वायुप्रदूषण होण्याचा संभव असेल तर राज्य सरकार मंडळाशी विचारविनिमय करून, अधिसूचनेद्वारे, वायुप्रदूषण नियंत्रण क्षेत्रात तो जाळण्यास मनाई करू शकते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे कलम माहीत असू द्यावे. परंतु शेतकऱ्यापुढे ते दंडुक्यासारखे धरू नये. ज्या गावात कोणाकडे पाचट कुट्टी करण्याचे यंत्र आहे व ते वेळेवर भाड्याने मिळते, तेथे फड पेटविण्याची वेळच येत नाही. यंत्र मिळण्यास पंधरवडा लागत असेल तर कलम वाचून दाखविल्याने काडी विझणार नाही.

शेवटी पानाची पारख. ओझोनचे ठिपके पानाच्या वरच्या बाजूस, शिरांच्या मधल्या भागात येतात. शिरा हिरव्याच राहतात. जुन्या पानांवर ते आधी व अधिक दिसतात, कोवळ्या पानांवर क्वचित. दोन पाने एकमेकांवर टेकलेली असतील तर खालच्या पानाचा झाकलेला भाग बहुधा निर्दोष राहतो. ठिपके बांधाच्या एका कोपऱ्यातून पसरत न जाता शेतभर साधारण एकाच वेळी उमटतात, आणि पुष्कळदा शेजारच्या निराळ्या नाजूक पिकावरही त्याच दिवसांत दिसतात. रोगकीड अशी वागत नाही. या नुकसानीवर फवारणीचे औषध नाही. प्रयोगशाळेत वापरतात ती संरक्षक द्रव्ये अभ्यासासाठी आहेत, शेतासाठी नव्हेत. म्हणून कीड दिसल्याखेरीज फवारा मारू नये, एवढी बचत तरी शेतकऱ्याच्या हाती आहे.

अशी शंका आलेल्या शेतातील पाच-सहा पाने, जुनी आणि कोवळी दोन्ही, तोडून वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ठेवावीत. त्यासोबतच्या चिठ्ठीवर गाव, गट क्रमांक, पीक व वाण, पेरणीची तारीख, ठिपके प्रथम दिसल्याची तारीख, शेवटचे पाणी केव्हा दिले, मागील आठ दिवसांत कोणती फवारणी झाली आणि आसपास पाचट किंवा कचरा पेटविला होता काय, हे लिहावे. पाने ओली असतील तर रोज कागद बदलावा, अन्यथा बुरशी येऊन खरे ठिपके ओळखू येत नाहीत. सुकलेली पाने चिठ्ठीसह मोहोळ येथील कृषी विज्ञान केंद्राकडे तपासणीसाठी न्यावीत, आणि चिठ्ठीची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी.